गोठ्यामागचं दुसरं पोट

दोन बैल, दोन गायी आणि एक म्हैस असलेल्या गोठ्यात रोज सकाळी सुमारे ५० किलो शेण निघतं. त्यातलं ४० किलो निव्वळ पाणी असतं. उरलेल्या दहा किलोंत गवताचे न पचलेले धागे, जनावराच्या आतड्यातून आलेले असंख्य जंतू आणि पिकाला लागणारं नत्र, स्फुरद, पालाश असतं. या ढिगाचं काय करायचं, याला खेड्यात तीन वाटा आहेत. थापायचं, उकिरड्यावर टाकायचं, नाहीतर गोबरगॅसच्या टाकीत सोडायचं. कोणत्या वाटेनं घराच्या पदरात काय पडतं, हा हिशेब एकदा नीट मांडून बघायला हवा.

थापलं तर उन्हात वाळून साधारण १२ किलो गोवऱ्या मिळतात. एक किलो गोवरीत अंदाजे २१०० किलोकॅलरी उष्णता असते, म्हणजे एकूण २५ हजार किलोकॅलरी. आकडा मोठा वाटतो, पण उघड्या चुलीवर त्यातली जेमतेम ११ टक्के उष्णता भांड्याला लागते. बाकीची भिंतीला, कौलांना आणि धुराला जाते. अन्न शिजवायला उरतात २७०० ते २८०० किलोकॅलरी. तेच शेण टाकीत गेलं तर त्यातून दिवसाला २ घनमीटर वायू निघतो. त्याची एकूण उष्णता साडेनऊ हजार किलोकॅलरीच्या आतच असते, म्हणजे गोवऱ्यांच्या निम्म्याहूनही कमी. पण गॅसच्या शेगडीवर त्यातली ५५ ते ६० टक्के भांड्याला मिळते. तळाशी हिशेब येतो साडेपाच हजारांच्या आसपास. कमी उष्णतेतून दुप्पट स्वयंपाक, आणि शेणातलं खत जसंच्या तसं हातात. गोवरी जाळली की नत्र धुराबरोबर उडून जातं आणि मागे राख उरते.

धुराची किंमत या हिशेबात अजून धरलेलीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या चुलींच्या धुरामुळे जगात दर वर्षी सुमारे ३२ लाख माणसं अकाली मरतात. चुलीपुढे बसलेली बाई आणि तिच्या कडेवरचं किंवा पाठीशी खेळणारं पोर यांच्या वाट्याला हा धूर सगळ्यांत जास्त येतो. डोळे चोळत फुंकणीनं जाळ काढणं हे आपल्याकडे इतकं नेहमीचं झालं की त्याला कुणी आजार म्हणतच नव्हतं.

उकिरड्याची वाट त्यातल्या त्यात शहाणपणाची मानली जाते, कारण शेण निदान शेतात तरी जातं. पण ढीग उघडा पडून राहिला की वरच्या थरातलं नत्र अमोनिया होऊन उडतं, पावसाळ्यात विरघळलेलं खत ओहोळाला जातं आणि ढिगाच्या पोटात, जिथे हवा पोचत नाही तिथे, मिथेन तयार होऊन आकाशात निघून जातो. शंभर वर्षांच्या हिशेबानं मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमान वाढवतो. जो वायू चुलीत निळा जळला असता तोच मोकळा सोडला की हवामानाच्या मुळावर उठतो.

तिसरी वाट, टाकीची, समजून घ्यायची तर आधी गायीच्या पोटात डोकवायला हवं. तिच्या पोटाचा पहिला कप्पा, रूमेन, ही मुळात एक बंद, उबदार, ओली टाकी आहे. गवतातलं सेल्युलोज गायीला स्वतःला पचवता येत नाही. तिच्या पोटातले जंतू ते कुजवतात आणि त्यातून निघणाऱ्या आम्लांवर गाय जगते. त्या कुजण्यात मिथेनही तयार होतो. रवंथ करणारं एक जनावर दिवसाकाठी शंभरावर लिटर मिथेन ढेकरांवाटे सोडतं. शेण पडतं तेव्हा त्या जंतूंचे भाऊबंद त्यात असतातच. त्यांना हवा लागू न देता ऊब, ओल आणि अंधार दिला की पोटात चालू असलेलं काम टाकीतही पुढे चालू राहतं. गोबरगॅसची टाकी म्हणजे गोठ्यामागे जमिनीत बांधलेलं जनावराचं दुसरं पोट. या प्रकरणातलं बाकी सगळं या एका गोष्टीवर उभं आहे, कारण पोटाला रोज खायला लागतं, ते बिघडतं, थंडीत सुस्तावतं आणि उपाशी ठेवलं तर मरतं.

आत काम चार टप्प्यांत चालतं. पहिले जंतू गवताचे लांब धागे, पिष्ट, चरबी, प्रथिनं यांचे तुकडे करून ते पाण्यात विरघळवतात. दुसरे त्या तुकड्यांची आम्लं करतात. तिसरे त्या आम्लांपासून ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, आणि हायड्रोजन बनवतात. शेवटच्या टप्प्यात मिथेन बनवणारे जीव ते ॲसेटिक आम्ल फोडून, शिवाय हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड जोडून वायू तयार करतात. हे शेवटचे जीव जीवाणूंच्या कुळातले नाहीत. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ साली त्यांचा आनुवंशिक पुरावा तपासून दाखवलं की ही जीवसृष्टीची एक संपूर्ण वेगळी शाखा आहे. आज त्यांना आर्किया म्हणतात. जीवसृष्टीच्या अत्यंत जुन्या शाखांपैकी ही एक, आणि प्राणवायू तिच्यासाठी विषच आहे.

या चार टोळ्यांचा वेग सारखा नसतो, आणि टाकी चालवण्याचं सगळं कौशल्य तिथेच लागतं. आम्ल बनवणारे जंतू तासातासांत दुप्पट होतात. मिथेन बनवणाऱ्यांना त्यासाठी दिवस लागतात. रोज ठरल्याइतकं शेण पडत असेल तर दोघांचं जमतं. पण लग्नकार्यानंतर उरलेला भात, जिलब्या आणि पाक एकदम टाकीत ओतला की आम्ल बनवणारे जंतू आम्लांचा डोंगर करतात आणि मिथेन बनवणाऱ्यांना तो उपसता येत नाही. टाकी आंबते. टाकीतल्या पातळ काल्याला, म्हणजे स्लरीला, आंबट, उग्र वास येतो, वायू भरपूर निघतो पण तो बहुतेक कार्बन डायऑक्साइड असतो, आणि शेगडी लागत नाही. अशा वेळी घरच्यांना वाटतं की गॅस कमी पडतोय, म्हणून ते आणखी माल घालतात. खरा उपाय उलटा आहे: चार-सहा दिवस टाकीला काही घालायचं नाही, थोडी चुन्याची निवळी सोडायची आणि वाट बघायची.

नवी टाकी सुरू करताना हीच सबुरी लागते. पहिल्या भरणीबरोबर शेजारच्या चालू टाकीतली दोन-चार बादल्या स्लरी घालतात. दुधाला विरजण लावावं तसंच हे, कारण ताज्या शेणात मिथेन बनवणारे थोडे असतात आणि चालू टाकीत ते मुरलेले असतात. तरीही सुरुवातीला येणारा वायू पेटत नाही. त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त असतो आणि हवाही मिसळलेली असते. तो दोन-तीनदा मोकळा सोडून द्यावा लागतो. तेवढं समजावून सांगणारा कुणी आसपास नसल्यानं कितीतरी टाक्या पहिल्याच महिन्यात बिघडलेल्या ठरल्या असतील.

उबेचंही तसंच. हे जंतू ३० ते ३८ अंश सेल्सिअसला खूश असतात. २० अंशांखाली काम मंदावतं आणि १० अंशांखाली जवळजवळ थांबतं. म्हणून शेण टाकीत किती दिवस राहायला हवं हे प्रदेशावर ठरतं. महाराष्ट्र, गोवा आणि दक्षिणेकडच्या राज्यांसाठी ३० दिवस धरतात, उत्तरेच्या मैदानी भागासाठी ४० आणि डोंगराळ थंड भागासाठी ५५. ५० किलो शेणात तेवढंच पाणी कालवलं की रोजचं १०० लिटर होतं. तीस दिवसांचं ३००० लिटर. टाकीचा खड्डा किती खोल खणायचा ते या साध्या गुणाकारातून येतं. नाशिक किंवा निफाडकडे डिसेंबरात गॅस कमी येतो तो याच कारणानं. पाणी थोडं कोमट करून कालवणं, कालवण उन्हं चढल्यावर करणं, टाकीवर पाचटाचा थर घालणं एवढ्यानंही फरक पडतो.

हा वायू माणसाला नवा नाही. इटलीतल्या आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी १७७६ साली मॅज्योरे सरोवराच्या काठचा गाळ ढवळून वर आलेले बुडबुडे गोळा केले आणि ते जळतात हे दाखवलं. भारतातली या विषयाची एक अगदी जुनी नोंद मुंबईची आहे. माटुंग्याच्या कुष्ठरुग्णांच्या वसतिगृहात १८९७ साली मैल्याच्या टाकीतून निघणारा वायू धरून वापरात आणला गेला. समाजानं ज्यांना गावाबाहेर काढलं होतं त्यांच्या वस्तीत हे काम आधी झालं, ही गोष्ट मला या सगळ्या इतिहासात फार मोलाची वाटते. पुढे दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी १९३९च्या सुमारास शेणापासून वायू काढण्याचे पद्धतशीर प्रयोग केले. जशभाई पटेल यांनी १९५०च्या दशकात तरंगत्या टाकीचं संयंत्र घडवलं, आणि खादी व ग्रामोद्योग आयोगानं १९६१-६२पासून ते देशभर नेलं.

या तरंगत्या टाकीची रचना बघण्यासारखी आहे. जमिनीत विटांची गोल विहीर, मधे एक भिंत. एका बाजूच्या पाईपातून शेणकाला तळाशी जातो, दुसऱ्या बाजूनं पचलेली स्लरी वर येऊन बाहेर पडते. विहिरीवर पत्र्याचा पालथा पिंप. वायू साठला की पिंप वर चढतो, शेगडी चालू केली की खाली बसतो. आत किती गॅस आहे ते अंगणातूनच दिसतं, आणि पिंपाच्या वजनामुळे दाब कायम एकसारखा राहतो, म्हणून ज्योत कमीजास्त होत नाही. पिंप हातानं थोडा फिरवला की आतली साय मोडते. त्यासाठी पिंपाच्या आत आडव्या पट्ट्या ठेवलेल्या असतात. इतकी समजूतदार रचना, पण तिला एक दुखणं होतं. गॅसमध्ये थोडा हायड्रोजन सल्फाइड असतो आणि तो लोखंड खातो. दर वर्षी रंग दिला नाही तर पिंप गंजून चाळण होतो. शिवाय एकूण खर्चातला फार मोठा वाटा या पिंपाचाच. गरिबाला तो झेपत नव्हता.

म्हणून पत्रा काढून टाकण्याचे प्रयत्न झाले. चीनमधल्या जमिनीखालच्या घुमटाच्या धर्तीवर उत्तर प्रदेशातल्या अजितमल इथल्या संशोधन केंद्रानं १९७८ साली जनता संयंत्र काढलं आणि १९८४ साली ॲफप्रो या संस्थेनं त्याहून स्वस्त दीनबंधू संयंत्र दिलं. यात हलणारा भाग एकही नाही. विटांचा घुमट पूर्ण जमिनीत. वायू साठू लागला की तो स्लरीला खाली ढकलतो आणि ती बाजूच्या कुंडीत चढते. शेगडी सुरू झाली की चढलेली स्लरी परत आत येते आणि वायूला रेटते. वरच्या मातीमुळे थंडीही कमी लागते. पण आता सगळी मदार गवंड्यावर आली. घुमटाला केसाएवढी चीर राहिली तरी मिथेन निघून जातो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही, वासही फारसा कळत नाही. मोठा दाब पेलणारा घुमट फर्म्याशिवाय, हाताच्या अंदाजानं रचणारा गवंडी म्हणजे खरा अभियंताच. अशा गवंड्यांना शिकवणं हा गोबरगॅसच्या प्रसारातला सर्वांत मोलाचा खर्च होता, आणि माझ्या मते त्यावरच सर्वांत कमी पैसा गेला.

राष्ट्रीय पातळीवरचा कार्यक्रम १९८१-८२ला सुरू झाला. तेव्हापासून देशात सुमारे ५० लाख घरगुती संयंत्रं बांधली गेली. त्यातली नऊ लाखांच्या आसपास महाराष्ट्रात आहेत, कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. हे आकडे बांधलेल्या टाक्यांचे आहेत. चालू किती, याचा हिशेब वेगळा निघतो. गावोगाव फिरताना गोठ्यामागे माती आणि पालापाचोळ्यानं भरलेली गोल विहीर दिसते, तिच्या कडेला गंजलेला पिंप पडलेला असतो, त्यात कोंबड्या अंडी घालतात. उद्दिष्ट बांधकामाचं होतं. अनुदान खड्डा भरला की मिळायचं. पाच वर्षांनी ती टाकी पेटते का, हे विचारायला कुणाला नेमलेलं नव्हतं. जिवंत पोटाला इमारतीच्या नियमांनी मोजलं गेलं, याचा मला मनापासून राग आहे, कारण त्या टाक्या आजही पेटल्या असत्या.

टाकी मरायला मोठं कारण लागत नाही, ही यातली आणखी दुःखाची बाजू. सर्वांत नेहमीचं कारण पाईपात साचलेलं पाणी. वायू टाकीतून निघतो तो उबदार आणि पाण्याच्या वाफेनं भरलेला असतो. पाईपात थंड झाला की पाणी सुटतं. पाईप कुठे खाली झुकलेला असेल तर त्या झोळात ते साठतं आणि वाट बंद करतं. ज्योत आधी फडफडते, लाल-पिवळी होते, मग विझते. उपाय म्हणजे सर्वांत खालच्या जागी पाणी काढायची छोटी तोटी आणि आठवड्यातून एकदा ती उघडण्याची सवय. दुसरं कारण शेणातली माती. जमिनीवरून खरडून घेतलेल्या शेणात वाळू, खडे, दगड येतात. ते तळाशी बसत जातात आणि काही वर्षांत निम्मी टाकी गाळानं भरते. गवताच्या काड्या वर तरंगून त्यांची जाड साय बनते आणि वायू तिच्याखाली अडकतो. म्हणून शेण कालवताना काड्या वेचून काढायच्या, गाठी फोडायच्या, कुंडीत काला थोडा स्थिर होऊ द्यायचा, म्हणजे खडे खाली बसतात, आणि मगच आतलं बूच काढायचं.

हे पंधरा-वीस मिनिटांचं काम बहुतेक घरांत बाईच करते. वाकून, हात कोपरापर्यंत शेणात घालून. पूर्वी ती हेच शेण थापत होती, त्यामुळे कष्ट नवे नाहीत, आणि सरपणाची वणवण वाचते. तरी काला करायची कुंडी कमरेच्या उंचीवर असावी, तिच्यात ढवळायला दांड्याची फिरती पंखी असावी, पाणी तिथवर नळीनं यावं, हे संयंत्र आखणाऱ्यांना फार उशिरा सुचलं. जिथे सुचलं तिथल्या टाक्या जास्त दिवस चालतात. आखणीच्या वेळी घरमालकाला विचारतात; विचारायला हवं कालवणाऱ्या बाईला.

कोकणात या कामाला एक वेगळी धार आली. सीताराम पुरुषोत्तम, म्हणजे अप्पासाहेब पटवर्धन यांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करण्याची परवानगी मिळावी म्हणून उपोषण केलं होतं, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी गांधीजींनीही येरवड्यात अन्न सोडलं होतं. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पांनी संडास, खत आणि वायू यांची सांगड घातली. मैला कुणाच्या डोक्यावरून वाहून न नेता त्याचं खत आणि जाळ व्हावा, म्हणजे ते काम एका जातीच्या माथी मारण्याचं कारणच उरणार नाही, असा त्यामागचा विचार. हा विचार पुढे नेला डॉ. सुहास मापुसकर यांनी. ते १९५९ साली सरकारी डॉक्टर म्हणून देहूला आले. तुकोबांच्या गावात उघड्यावरच्या घाणीतून येणारे पोटाचे आजार बघून त्यांनी औषधांइतकाच वेळ संडासांना दिला आणि मैल्यावर चालणारं मलप्रभा संयंत्र घडवलं. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

मैल्याच्या वायूचं गणित भाबडेपणानं मांडू नये. एका माणसाच्या मैल्यातून दिवसाला सुमारे एक घनफूट, म्हणजे २८ लिटर वायू मिळतो. पाच माणसांचे १४० लिटर. घरातला एक बर्नर तासाला ४५० लिटर वायू खातो, म्हणजे जाळ मिळाला वीसेक मिनिटं. सकाळचा चहा आणि पोह्यांपुरता. गोठ्याचं शेण जोडलं तरच घराचा स्वयंपाक निघतो, किंवा मग वसतिगृह, आश्रमशाळा, धर्मशाळा अशा ठिकाणी गर्दीमुळे गणित जमतं. संडासाच्या गॅसवर भाकरी कशी भाजायची, हा प्रश्न लोकांनी विचारला आणि आजही विचारतात. ज्योतीला वास नसतो, मिथेन कुठल्याही पोटातून आला तरी मिथेनच असतो. मात्र स्लरीच्या बाबतीत जपायला हवं. साध्या उबेच्या टाकीत जंतांची सगळी अंडी मरत नाहीत. मैल्याची स्लरी पालेभाजीला थेट देऊ नये, आधी खड्ड्यात मुरवावी.

शहरात गोठा नाही, पण उरलंसुरलं अन्न आहे. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी २००३च्या सुमारास लक्षात आणून दिलं की शेण हे गायीनं आधीच पचवून टाकलेलं अन्न आहे. त्यातला रस गाय घेऊन गेली. मग जंतूंना न पचलेलं अन्नच का देऊ नये? संस्थेच्या मोजमापाप्रमाणे दोन किलो पिष्टमय किंवा गोड पदार्थांतून एका दिवसात अर्धा किलो मिथेन मिळतो, तर शेणातून तेवढा मिळवायला चाळीस किलो शेण आणि चाळीस दिवस लागतात. १००० लिटरची प्लॅस्टिकची पाण्याची टाकी आणि तिच्यात उपडी बसणारी ७५० लिटरची दुसरी, एवढ्यावर हे संयंत्र गच्चीत उभं राहिलं. २००६ साली त्याला ब्रिटनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. त्याच सुमारास भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी निसर्गऋण संयंत्र उभं केलं. त्यात ओला कचरा आधी गरम पाण्यात, हवेवर जगणाऱ्या उष्णताप्रिय जंतूंकडून मऊ करून घेतात आणि मग बंद टाकीत सोडतात. अन्नाचा कचरा लवकर आंबतो, ही अडचण पहिल्या टप्प्यातच सोडवण्याची ही युक्ती.

साखर कारखान्यांच्या पट्ट्यात हेच जंतू फार मोठ्या प्रमाणावर राबतात. एक लिटर अल्कोहोल काढताना दहा-बारा लिटर सांडपाणी, म्हणजे स्पेंट वॉश, निघतो, तपकिरी आणि सेंद्रिय मालानं गच्च. तो ओढ्यात सोडला की पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे मरतात. तोच बंद टाकीतून नेला की बॉयलरला जाळ मिळतो आणि प्रदूषणाचा मोठा भाग तिथेच संपतो. शंभर टन उसामागे तीन-चार टन प्रेसमड, म्हणजे रस गाळून उरलेला गाळ, निघतो, त्यातूनही वायू काढून, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड धुऊन, दाबून सीबीजी, म्हणजे दाबलेला बायोगॅस, म्हणून गाड्यांना भरता येतो. केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०१८मध्ये यासाठी ‘सतत’ ही योजना आणली आणि २०२३-२४पर्यंत ५००० प्रकल्पांचं उद्दिष्ट ठेवलं. त्याच्या जवळपासही आपण पोचलो नाही. प्रेसमड वर्षभर मिळत नाही, साठवला की कुजतो, आणि तयार होणाऱ्या खताला ग्राहक मिळेपर्यंत प्रकल्पाचा ताळेबंद जुळत नाही.

जर्मनीनं आपल्या आधी हा रस्ता धरला आणि तिथे एक इशारा मिळतो. या वायूपासून बनवलेल्या विजेला चांगला भाव मिळू लागल्यावर शेतकऱ्यांनी खास टाकीत घालायलाच मका पेरायला सुरुवात केली. सुपीक जमिनी मक्यानं भरल्या, तेव्हा २०१२च्या कायद्यानं नव्या प्रकल्पांच्या मालात मक्याचं प्रमाण ६० टक्क्यांवर रोखावं लागलं. आपल्याकडे पाण्यासाठी तहानलेल्या तालुक्यांत गॅससाठी पीक घेण्याची भाषा कुणी काढली तर तिला ठाम विरोध करायला हवा. टाकीत जायचं ते शेण, मैला, खरकटं, प्रेसमड. ज्याला दुसरा मान नाही ते.

आता राहिला घरचा प्रश्न. गोठे ओस पडताहेत. २०१२ आणि २०१९च्या पशुगणनांच्या दरम्यान महाराष्ट्रातल्या गायीबैलांची संख्या सुमारे १० टक्क्यांनी घटली. बैलांची जागा ट्रॅक्टरनं घेतली. ज्यांच्याकडे दोनच जनावरं उरली त्यांनी दोन घनमीटरची टाकी बांधू नये, ती कायम अर्धपोटी राहील. एक घनमीटरला २५ किलो शेण पुरतं. उलट दुधाचा धंदा करणाऱ्या घरांत शेण जास्त झालंय, तिथे दोन-तीन घरांना पाईपनं गॅस देता येतो. पाच जनावरांच्या घराला टाकी पोटभर खाऊ घातली तर महिन्याला १४.२ किलोचे पावणेदोन सिलिंडर वाचतात. सिलिंडर भरायला पैसे नाहीत म्हणून जिथे चूल परत पेटली आहे, तिथे हा आकडा फार मोठा आहे.

बांधायचं ठरलं तर जागा आधी ठरवावी. दिवसभर ऊन लागेल अशी, गोठ्याला लागून, स्वयंपाकघरापासून १०-२० मीटरच्या आत, प्यायच्या विहिरीपासून किमान १५ मीटर लांब. झाडाची मुळं भिंतीला चीर पाडतात, म्हणून झाडाखाली नको. मराठवाड्यात उन्हाळ्यात रोज ५० लिटर पाणी कुठून येणार, हे आजच विचारावं. गोठा धुतलेलं पाणी आणि गोमूत्र वळवून घेतलं तर बराच भार हलका होतो. पाईपाला टाकीकडे उतार द्यावा.

आणि सर्वांत आधी ठरवावं ते स्लरीचं. रोज १०० लिटर आत गेलं तर जवळपास तेवढंच बाहेर येणार. ५० किलो शेणात अंदाजे दीडशे ग्रॅम नत्र असतं, वर्षाचं ५५ किलो होतं, म्हणजे युरियाच्या ४५ किलोंच्या अडीच गोण्यांहून थोडं जास्त. पचताना यातलं बरंच नत्र अमोनियाच्या रूपात येतं, त्यामुळे पिकाला ते लवकर लागू पडतं, पण उन्हात वाळवलं तर तितक्याच लवकर उडूनही जातं. अंगणात पसरून वाळवलेली स्लरी म्हणूनच निम्मं खत हवेला देऊन बसते. ओली द्यायची तर पाटाच्या पाण्याबरोबर, संध्याकाळी. नाहीतर टाकीच्या उताराला सावलीत दोन खड्डे घ्यावेत. खड्ड्यात आधी वीतभर पाचट पसरावं, ऊसवाले ते बांधावर जाळून टाकतात, त्याला इथे काम मिळतं. त्यावर रोजची स्लरी येऊ द्यावी, पाचट भिजलं की पुन्हा थर. एक खड्डा भरला की तो मातीनं झाकून स्लरीची वाट दुसऱ्याकडे वळवायची. दुसरा भरत येईपर्यंत पहिल्यातलं पाचट काळं, मोकळं आणि मातीच्या वासाचं झालेलं असतं, आणि पेरणीपूर्वी गाडी भरून न्यायला ते तयार असतं.